फकिराची लूट आणि सुप्याची होळी

कन्हेरीच्या शेतकरी-कारागीर बंधुभगिनींनो, अण्णा भाऊ साठे यांच्या १९५९ सालच्या ‘फकिरा’ कादंबरीचा नायक दुष्काळांत उपाशी माणसांसाठीं धान्य लुटतो. हें पाप काय? आम्ही म्हणतों, नाहीं. भुकेल्यास जगविणें हाच धर्म.

परंतु कादंबरींत अपराधी कोण हें लेखकास ठाऊक असतें. गांवांत जमावास तें ठाऊक नसतें. आपल्याच तालुक्यांतील सुपें आठवा. तेथें १२ मे १८७५ रोजीं गांजलेल्या शेतकऱ्यांनीं सावकारांच्या वह्या-खतें जाळलीं. त्या दंग्यांत रोख खतांवर होता; सावकाराच्या जिवावर हात क्वचितच पडला. पुढें चौकशी होऊन १८७९ सालीं कर्जबाजारी शेतकऱ्यांसाठीं कायदा झाला.

फकिराची कळकळ घ्या; शिक्षा मात्र पुराव्यावांचून कोणासही नको.