विश्लेषण : घोड्यांचा ट्रेलर ओढायला सात आसनी गाडी पुरेशी आहे का?

इंग्लंड, स्कॉटलंड आणि वेल्समध्ये १६ डिसेंबर २०२१ पासून कारच्या साध्या परवान्यावर ३,५०० किलोपर्यंतचा ट्रेलर ओढता येतो. त्यासाठीची वेगळी चाचणी रद्द झाली. त्यामुळे योग्य गाडी निवडण्याची जबाबदारी वाढली आहे.

वजन किती होते?
दोन घोड्यांचा रिकामा ट्रेलर साधारण ९०० ते १,००० किलोचा असतो. त्यात प्रत्येकी ५०० किलोचे दोन घोडे चढवले, की भार दोन टनांच्या घरात जातो.

गाडी कशी निवडावी?
लँड रोव्हर डिस्कव्हरीसारखी सात आसनी गाडी ३,५०० किलो ओढू शकते. मात्र गाडी आणि ट्रेलरच्या एकत्रित वजनालाही मर्यादा असते. त्यात प्रवासी आणि सामानही मोजले जाते. हा आकडा गाडीवरील पट्टीवर असतो. नवख्या चालकांनी भरलेल्या ट्रेलरचे वजन रिकाम्या गाडीच्या ८५ टक्क्यांच्या आत ठेवावे, असा सल्ला दिला जातो.

धोका कशात आहे?
घोडा उभ्याने प्रवास करतो. तो हलला, की ट्रेलर डोलतो आणि हलकी गाडीही त्यासोबत खेचली जाते. म्हणून गाडी ट्रेलर ओढेल का, यापेक्षा उतारावर सावरेल का, हे आधी पाहावे.