पाच तारखेपर्यंत म्हणजे पाच धरून की सोडून?

‘फॉर्म्स विल बी अ‍ॅक्सेप्टेड बिटवीन १५ टू २० जून.’ कुठल्याही कॉलेजच्या नोटीस बोर्डवर असं एखादं वाक्य सापडतंच. फेस्टच्या पोस्टरवर सापडतं, जॉबच्या जाहिरातीत सापडतं आणि मी सध्या ज्या डेस्कवर इंटर्नशिप करतेय तिथे येणाऱ्या प्रेस नोट्समध्ये तर रोजच. अर्थ कळतो, म्हणून कुणी काही बोलत नाही. पण हेच ‘बिटवीन... टू’ मराठी माध्यमातून आलेल्या एखाद्या मुलाच्या सीव्हीमध्ये दिसलं की लगेच ‘इंग्लिश वीक आहे’ असा शिक्का बसतो. नोटीस काढणाऱ्यांचं इंग्लिश मात्र कुणी तपासत नाही.

माझं म्हणणं असं की ही चूक इंग्लिश न येण्यातून होतच नाही, ती मराठी चांगलं येण्यातून होते. आपण म्हणतो, ‘दहा ते पाचच्या दरम्यान कधीही ये.’ यात ‘ते’ही आहे आणि ‘दरम्यान’ही आहे, आणि हे मराठी शंभर टक्के बरोबर आहे. हिंदीतही ‘दस से पाँच के बीच’ असंच चालतं. मग डोक्यात हे वाक्य असताना हात ‘बिटवीन १० टू ५’ लिहिणारच. इंग्लिशमध्ये मात्र या दोन वेगळ्या जोड्या आहेत. ‘फ्रॉम’चं लग्न ‘टू’शी लागलंय आणि ‘बिटवीन’चं ‘अँड’शी. पाठ करायची गरज नाही. ‘बिटवीन यू अँड मी’ हे आपण एरवी बरोबर बोलतोच की! ‘बिटवीन यू टू मी’ असं कुणी म्हणत नाही. तोच कान तारखांना लावायचा.

आणि या जोड्यांचा अर्थही एक नाही. ‘द ऑफिस इज ओपन फ्रॉम १० टू ५’ म्हणजे सलग सात तास उघडं. ‘कम बिटवीन १० अँड ५’ म्हणजे त्या सात तासांतल्या कुठल्याही मिनिटाला ये. मराठीत हा फरक एकटा ‘दरम्यान’ सांभाळतो, ‘ते’ दोन्हीकडे तसाच राहतो. इंग्लिशमध्ये अख्खी जोडीच बदलते, इतकाच फरक आहे. हे आम्हाला कुणी असं समोरासमोर ठेवून शिकवलंच नाही. कम्युनिकेशन स्किल्सच्या तासाला पत्राचा पत्ता डावीकडे की उजवीकडे यावर मात्र भरपूर वेळ गेला.

आडव्या रेघेचंही तसंच. ‘२०२१–२०२४’ यातली रेघ स्वतःच ‘टू’ म्हणते. म्हणून ‘फ्रॉम २०२१–२०२४’ लिहिलं तर ‘फ्रॉम’ला जोडीदारच उरत नाही. ‘फ्रॉम’ लिहिलं तर ‘टू’ही अक्षरांत लिहा, नाहीतर दोन्ही काढून नुसती रेघ ठेवा. सीव्हीत जागा कमी असते, तिथे नुसती रेघ बेस्ट. कोर्स किंवा काम अजून सुरू असेल तर ‘२०२३–प्रेझेंट’ किंवा सरळ ‘सिन्स २०२३’. ‘टिल डेट’ हे आपल्याकडचं इंग्लिश आहे, इथल्या एचआरला कळेल, पण परदेशातल्या युनिव्हर्सिटीला अर्ज करत असाल तर तो शब्द टाळलेला बरा.

आता खरा घोळ. ‘पर्यंत’.

‘शुक्रवारपर्यंत असाइनमेंट द्या’ आणि ‘शुक्रवारपर्यंत प्रदर्शन सुरू आहे’. मराठीत दोन्हीकडे एकच ‘पर्यंत’. इंग्लिशमध्ये पहिल्यासाठी ‘बाय फ्रायडे’, दुसऱ्यासाठी ‘टिल’ किंवा ‘अन्टिल फ्रायडे’. काम एकदाच व्हायचं असेल आणि ते त्या दिवसाच्या आत उरकायचं असेल तर ‘बाय’. गोष्ट त्या दिवसापर्यंत चालूच राहणार असेल तर ‘टिल’. ‘प्लीज सबमिट टिल फ्रायडे’ याचा शब्दशः अर्थ शुक्रवारपर्यंत सबमिट करतच राहा, असा होतो. वाचणारा आपलाच असेल तर हसून सोडून देईल. पण ‘आय विल स्टे बाय टेन्थ’ असं परदेशातल्या हॉस्टेलला लिहिलंत तर त्यांना तुमची खोली कधी रिकामी होणार हे कळणारच नाही.

आणि शेवटचा दिवस धरायचा की नाही? ‘फ्रॉम १ टू ५ जुलै’ म्हणजे पाच तारीख आत की बाहेर? हा प्रश्न खुसपट काढल्यासारखा वाटत असेल तर आपल्या देशाच्या कायद्याकडे बघा. १८९७ च्या जनरल क्लॉजेस अ‍ॅक्टमध्ये कलम ९ याचसाठी आहे. केंद्रीय कायद्यांमध्ये कालावधीचा पहिला दिवस वगळायचा असेल तर ‘फ्रॉम’ शब्द पुरेसा आहे आणि शेवटचा दिवस धरायचा असेल तर ‘टू’ पुरेसा आहे, असं ते सांगतं. म्हणजे कायद्याच्या भाषेत ‘फ्रॉम १’ म्हटलं की एक तारीख मोजायची नाही! रोजच्या बोलण्यात मात्र ‘एक ते पाच’ म्हणजे आपल्यासाठी पाच दिवस. कॉलेजच्या नोटिशीला हा कायदा लागू नाही, पण सवाशे वर्षांपूर्वी कायदा लिहिणाऱ्यांनाही हे शब्द सुटे सोडावेसे वाटले नाहीत, एवढं लक्षात घ्या. अमेरिकन लोकांनी यावर आपला तोडगा काढलाय. ते ‘जुलै १ थ्रू जुलै ५’ म्हणतात आणि ‘थ्रू’ म्हटलं की पाच तारीख आत. ब्रिटिश वळणाचं लिहिणारे शेवटी ‘इन्क्लुझिव्ह’ जोडतात. आपण कुठलंही घ्यावं, पण घ्यावं.

यात सगळ्यात पक्कं लिहिणारे कोण माहितीये? यूपीएससी. नागरी सेवा परीक्षेची वयोमर्यादा आपण कट्ट्यावर ‘एकवीस ते बत्तीस’ अशी सांगतो. जाहिरातीत तसं लिहिलेलं नसतं. त्यात असतं की त्या वर्षीच्या १ ऑगस्टला उमेदवाराला २१ वर्षं पूर्ण झालेली असावीत आणि ३२ पूर्ण झालेली नसावीत. तेवढ्यावरही न थांबता, म्हणजेच जन्म अमुक वर्षीच्या २ ऑगस्टच्या आधीचा नसावा आणि तमुक वर्षीच्या १ ऑगस्टनंतरचा नसावा, असं दोन तारखांत बांधून टाकतात. वाचायला रुक्ष आहे, मान्य. पण पुण्यात अभ्यासिकेत वर्षं घालवणाऱ्या एखाद्याचा शेवटचा अटेम्प्ट मिळणार की नाही, हे त्या दोन तारखांवर ठरतं. नुसतं ‘२१–३२’ लिहिलं असतं तर बत्तिसावा वाढदिवस होऊन गेलेल्या प्रत्येकाने ‘पण मी अजून बत्तीसच आहे’ म्हणून भांडण काढलं असतं आणि त्याचंही चुकलं नसतं.

आपले प्रोजेक्टचे गुगल फॉर्म याच्या बरोबर उलट असतात. वयोगट: १८–२५, २५–३५, ३५–४५. पंचवीस वर्षांच्या माणसाने कुठे टिक करायची? अर्धे इकडे जातात, अर्धे तिकडे, आणि मग आपण त्यावर पाय चार्ट काढतो. १८–२४, २५–३४, ३५–४४ असं लिहिलं की प्रश्न संपला.

त्याच फॉर्मचा डेटा एक्सेलमध्ये हाताने भरताना आणखी मजा होते. ‘५-१०’ टाइप करून एंटर मारलं की एक्सेलला ती तारीख वाटते. कॉम्प्युटरची सेटिंग आपल्याकडची असेल तर ५ ऑक्टोबर, अमेरिकेची असेल तर १० मे. कॉलम आधी ‘टेक्स्ट’ करून घ्या किंवा आकड्याआधी एक अपॉस्ट्रॉफी टाका. हा त्रास फक्त आपल्याला नाही. ‘मार्च १’ आणि ‘सेप्ट १’ अशी नावं असलेल्या मानवी जनुकांचं एक्सेल इतक्या वेळा तारखांत रूपांतर करायचं की जनुकांची नावं ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय समितीने शेवटी ती नावंच बदलली. २०२० मध्ये आलेल्या त्यांच्या नियमावलीत याचा उल्लेख आहे. ‘मार्च १’चं ‘मार्चएफ १’ झालं, ‘सेप्ट १’चं ‘सेप्टिन १’.

रात्री बाराचा विषय तर वेगळाच. ‘डेडलाइन: संडे, १२ एएम.’ आपल्या डोक्यात रविवारची रात्र म्हणजे रविवार संपताना. आजीच्या हिशेबाने तर सोमवार उजाडतो तो सूर्य उगवल्यावर, पंचांगही तेच मानतं. घड्याळाच्या हिशेबाने मात्र ‘संडे १२ एएम’ म्हणजे रविवार सुरू होताना, म्हणजे आपली शनिवारची रात्र. पूर्ण एक दिवस गेला! रेल्वेच्या तिकिटावर १४ तारीख आणि ००:१५ असं लिहिलेलं असलं की घरातले मोठे ‘अरे, तेराच्या रात्री निघायचंय’ असं चारचारदा बजावतात, ते उगीच नाही. ‘एएम’ आणि ‘पीएम’ हे लॅटिनमधलं मध्यान्हाच्या आधी आणि मध्यान्हानंतर, म्हणून खुद्द दुपारचे बारा यातल्या कशातच नीट बसत नाहीत. तेव्हा दुपारसाठी ‘१२ नून’ लिहा आणि डेडलाइन रात्रीची असेल तर ११:५९ पीएम. हे एक मिनिट जगातली बरीच पोर्टल्स विनाकारण चोरत नाहीत.

आता त्या रेघेच्या लांबीबद्दल, कारण इन्स्टावर सध्या यावरच ज्ञान वाटलं जातं. शब्द जोडणारी छोटी रेघ हायफन, आणि रेंज दाखवणारी जराशी लांब ती एन डॅश. एन डॅश फोनवर हायफन दाबून धरली की मिळते, मॅकवर ऑप्शन आणि हायफन, विंडोजवर ऑल्ट धरून नंबर पॅडवर ०१५०. थीसिस किंवा पुस्तक लिहीत असाल तर हे पाळा, शिकागो मॅन्युअलसारख्या शैलीपुस्तकांना रेंजसाठी एन डॅशच हवी असते. पण अमेरिकेतल्या बातम्यांचं बायबल मानलं जाणारं एपी स्टाइलबुक एन डॅश वापरतच नाही, त्यांना हायफन चालते. त्यामुळे कुणाच्या सीव्हीतली रेघ दोन मिलिमीटर आखूड आहे म्हणून नाक मुरडणाऱ्यांना माझ्याकडून शून्य मार्क. वाचणाऱ्याचं त्याने काहीही बिघडत नाही. बिघडतं ते उणे अंशांत. लेहचं तापमान ‘-८-२’ असं लिहिलं तर त्यात उणे कुठलं आणि रेघ कुठली? तिथे ‘-८ टू २’ लिहावं. ‘२००१-०२’ हेही असंच. आपल्यासाठी ते शैक्षणिक वर्ष, पण तारखांच्या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे तो २००१ चा फेब्रुवारी आहे. जुन्या मार्कशीटचा उल्लेख करताना ‘२००१–२००२’ असं पूर्ण लिहायला दोन जादा आकडे लागतात, बस्स.

पैशांच्या बाबतीत तर मी डेस्कवर पेन्सिल घेऊनच बसते. ‘फीज इन्क्रीज्ड १० टू १५ पर्सेंट’ म्हणजे काय? दहा ते पंधरा टक्क्यांनी वाढली, की दहा टक्क्यांवरून पंधरावर गेली? पहिल्यासाठी ‘बाय’ हवं, दुसऱ्यासाठी ‘फ्रॉम’. एवढासा शब्द गाळला की बातमीच फिरते.

मराठीतली एक गोष्ट मात्र इंग्लिशमध्ये नेताना मला दरवेळी हळहळ वाटते. आपले जोडआकडे. ‘सात-आठ जण येतील’, ‘दहा-पंधरा मिनिटांत पोचतो’, ‘दोन-चार शब्द बोला’. या रेघेला टोकं नाहीतच, ती अंदाजाची रेघ आहे. ‘दोन-चार’मधले तीन कुठे गेले असं कुणी विचारत नाही, आणि दहा-पंधरा मिनिटं म्हणणारा पंचवीस मिनिटांनी आला तरी तो खोटारडा ठरत नाही. हेच ईमेलमध्ये ‘७-८ पीपल’ असं गेलं की समोरचा त्याला मोजमाप समजतो आणि आठच खुर्च्या मांडतो. तिथे ‘सेव्हन ऑर एट’, ‘अबाउट टेन’, ‘अ फ्यू वर्ड्स’ असं अक्षरांत लिहिलेलं चालतं आणि शोभतंही.

फर्स्ट इयरच्या एका तासात फळ्यावर एका बाजूला ‘ते, दरम्यान, पर्यंत, सात-आठ’ आणि दुसऱ्या बाजूला त्यांची इंग्लिश रूपं लिहिली तरी यातलं निम्मंअधिक उरकेल. शिकवणाऱ्यांना मराठी येत असेल तर अर्ध्या तासात. आणि तो तास विद्यार्थ्यांआधी नोटीस टाइप करणाऱ्या ऑफिसात घेतला तर पंधरा ते वीस जूनच्या दरम्यान फॉर्म भरायला येणाऱ्यांनाही कळेल, की वीस तारखेला पाच वाजता खिडकी उघडी असेल की नाही.