नर्सने शिकवले, मग बिल कशाचे?

मुलांकडे अमेरिकेत कायमचे राहणारे आई-वडील आणि त्यांचा मेडिकेअर विमा, हे आता अनेक मराठी घरांतले चित्र आहे. लघवी पूर्ण होत नसेल, तर काही रुग्णांना मूत्ररोगतज्ज्ञ दिवसातून काही वेळा स्वतःच नळी (कॅथेटर) घालून लघवी काढायला सांगतात. ते शिकवते नर्स. नंतर बिल आले की घरचे विचारतात, "डॉक्टर तर भेटलेच नाहीत, मग पैसे कसले?"

अशा भेटीला बहुधा ९९२११ हा कोड लावतात. जुन्या रुग्णाच्या भेटींमधला हा सर्वांत खालचा कोड. मेडिकेअर तो मान्य करते, पण अटींवर. उपचाराची योजना डॉक्टरांनी आधी ठरवलेली हवी आणि नर्स शिकवताना डॉक्टर दवाखान्यातच, हाकेच्या अंतरावर हवेत. कोविडकाळात या देखरेखीसाठी थेट व्हिडिओची सवलत मिळाली. २०२६पासून अशा बहुतेक सेवांसाठी ती कायम झाली आहे. नुसता फोन मात्र चालत नाही.

त्याच दिवशी त्याच डॉक्टरांनी तपासले असेल, तर शिकवणे सहसा त्या भेटीतच धरले जाते. प्रोस्टेट काढण्याच्या शस्त्रक्रियेनंतर ९० दिवसांत सर्जनच्याच दवाखान्यात नळीची निगा शिकवली, तर ती शस्त्रक्रियेच्या शुल्कात येते. अशा वेळी वेगळी आकारणी दिसली, तर जरूर विचारा. बिल रास्त असेल, तर वार्षिक डिडक्टिबल भरून झाल्यावर रुग्णाचा वाटा साधारण २० टक्के असतो.

मला खरी काळजी वेगळीच वाटते. नर्सने दहा मिनिटे दिली काय किंवा पाऊण तास, या कोडची रक्कम तीच. त्यामुळे घाई होण्याचा धोका राहतो. हात धुणे, पुरेसे वंगण लावणे, ठरलेल्या वेळी मूत्राशय रिकामे करणे यांतले काही नीट समजले नाही, तर जंतुसंसर्ग किंवा मूत्रमार्गाला इजा होऊ शकते. तो खर्च आणि त्रास शिकवण्याच्या शुल्कापेक्षा कितीतरी मोठा.

एक चांगला बदल म्हणजे, काळजी घेणाऱ्या कुटुंबीयांना संसर्ग टाळण्यासारखी कौशल्ये शिकवण्यासाठी मेडिकेअरने २०२५पासून वेगळे कोड आणले. त्यांत वेळ मोजला जातो. मात्र, रुग्णाची संमती लागते.

म्हणून बिलाचा तपशील जरूर मागा. पण त्याआधी, नर्ससमोर एकदा स्वतः नळी घालून दाखवल्याशिवाय घरी जाऊ नका.