मूळ प्रत मोडूं नये

सांप्रत नामपूरच्या बाजारांतील कांद्याचा ढीग असो वा मोसम नदीचा पूर असो, मोबाईल काढून त्याचें छायाचित्र टिपणें हा आम्हां विद्यार्थ्यांच्या हातचा मळ झाला आहे. परंतु तें चित्र फाइलींत कोणत्या रूपानें राहतें, याचा विचार फार थोडे करितात.

चित्र ४००० ठिपके रुंद व ३००० ठिपके उंच असलें, तर एकंदर ठिपके १,२०,००,००० होतात. प्रत्येक ठिपक्याच्या रंगास तीन बाइट धरल्यास तें सुमारें ३६ मेगाबाइट भरावें. प्रत्यक्षांत फाइल बहुधा थोड्याच मेगाबाइटची असते. मग बाकीचें गेलें कोठें?

संक्षेपणाच्या दोन रीती आहेत. हजेरीपटांत चाळीस मुलांपुढें चाळीस वेळां 'हजर' न लिहितां एकदांच 'सर्व हजर' लिहिलें, तर माहिती बुडत नाहीं. पीएनजी जातीची फाइल अशाच काटकसरीवर भागविते. जेपेगची रीत याहून पुढची आहे. आपल्या डोळ्यांस उजेडांतील फरक बारकाईनें कळतो, रंगांतील तितका कळत नाहीं. म्हणून रंगाचा तपशील बहुधा आधींच कमी करितात. नंतर चित्राचे ६४-६४ ठिपक्यांचे चौकोन पाडून, प्रत्येकांत छटा सावकाश बदलते किती व झरझर बदलते किती, हें गणितानें निराळें काढितात, आणि झरझर बदलणारा सूक्ष्म भाग बराचसा टाकून देतात. हें गणित बेंगळुरूस जन्मलेले नासिर अहमद यांनीं टी. नटराजन व के. आर. राव यांच्यासह १९७४ सालीं प्रसिद्ध केलें, व १९९२ सालीं त्यावर जेपेगचें प्रमाण ठरलें. भारतांत जन्मलेल्या विद्वानाची ही कामगिरी कोणासही भूषणावह वाटेल.

तथापि टाकलेलें परत मिळत नाहीं. कांद्याच्या ढिगाच्या चित्रांत ही तूट ध्यानींही येत नाहीं. पण आजोबांच्या पत्रांतील बारीक अक्षरें अथवा गुणपत्रिकेवरील शिक्का यांच्या कडा मळकट होतात. चित्र पुन्हां पुन्हां दाबलें, तर मळ वाढतच जातो. असें असतां कित्येक विद्यार्थी अर्जाच्या मर्यादेंत बसावें म्हणून चित्र दाबून लहान करितात आणि मूळ फाइल पुसून टाकितात. हें आम्हांस सर्वथा अनुचित वाटतें.

कोणी म्हणेल, मोबाईलमध्यें जागा कोठें आहे? हें म्हणणें खोटें नाहीं. संक्षेपण नसतें, तर दूरच्या आप्तांस चित्र धाडणें दुर्घट झालें असतें. आमचा आक्षेप संक्षेपणास नाहीं, मूळ प्रत मोडण्यास आहे. नकल हवी तितकी लहान करावी. महत्त्वाचा कागद संदेशांतून धाडतांना तो छायाचित्र म्हणून न धाडतां डॉक्युमेंट म्हणून धाडावा. जागा कमी पडल्यास निरुपयोगी चित्रें आधीं पुसावीं.

विद्यार्थिमित्रहो, वडिलांचें हस्ताक्षर व घरचीं जुनीं चित्रें ही आपणांकडे सोंपविलेली ठेव आहे. विश्वासू कारभाऱ्याप्रमाणें ती जशीच्या तशी पुढील पिढीच्या हातीं देणें, हें आपलें कर्तव्य होय.