जुन्या छापाचा नवा मुलामा

हल्ली स्नेहसंमेलनाची निमंत्रणपत्रिका असो की एकांकिकेचे भित्तिपत्रक, चित्राला ‘जुन्या छापाची’ कळा आणण्याची हौस विद्यार्थ्यांत फार. फोटोशॉपमधला तयार फिल्टर चढवला की क्षणार्धात कागद पिवळा पडतो, रंग रेघेबाहेर सरकतात, ठिपके उमटतात. हौसेला माझा विरोध नाही. परंतु आपण नक्कल नेमकी कशाची करतो?

राजा रविवर्मा यांचा छापखाना १८९४ साली मुंबईत निघाला व पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तेथील देवदेवतांची चित्रे घरोघर पोचली, ती शिळाछापाची. चुनखडीच्या गुळगुळीत दगडावर तेलकट खडूने चित्र उलटे काढायचे आणि दगड ओला करायचा. मग शाई ओल्या जागी धरत नाही, खडूच्या जागी धरते. युक्ती साधी, पण प्रत्येक रंगाला दगड वेगळा! मूळ चित्रात गुलाबी कुठे किती, पिवळा कुठे किती, हे कारागिराने नजरेने फोडायचे आणि छटेसाठी हाताने ठिपके टाकीत बसायचे. शिवाय कागद दर वेळी अचूक त्याच जागी बसला पाहिजे. रंग सरकला की छापणाऱ्याची नाचक्की. म्हणजे आपण ज्याला ‘इफेक्ट’ म्हणून मिरवतो, तो त्या माणसांनी जन्मभर टाळलेला दोष. पिवळेपणा तर त्यांचा नव्हेच; तो काळाचा.

ठिपक्यांचीही तीच गत. फिल्टरचे ठिपके रांगेत कवायत करतात. ती जाळी छायाचित्राच्या हाफटोन ब्लॉकची. दगडावरचे ठिपके हाताचे, म्हणून विस्कळीत. साध्या भिंगातूनही हा फरक दिसतो.

संगणक टाकून द्या, असे मी म्हणणार नाही. त्याच फोटोशॉपमध्ये पाचच रंग ठरवावेत, प्रत्येकाचा स्वतंत्र लेयर करून तो ‘मल्टिप्लाय’वर ठेवावा आणि छटा स्वतः भराव्यात. निळ्यावर पिवळा पडला की हिरवा फुकट मिळतो. मग हिरव्यासाठी वेगळा थर कशाला खर्चायचा, असा हिशेब डोक्यात सुरू होतो. तो हिशेब म्हणजेच शिळाछाप. एक संध्याकाळ जाईल, जाऊ द्या.

आणि असे चित्र ‘जुने’ म्हणून कोणाला धाडू नये. मळवलीचा कारखाना १९७२ च्या आगीत जळाला. उरलेल्या अस्सल छापांत आपल्या बनावट प्रतींची भर नको. त्या चित्रांखाली छापखान्याचे नाव असे. आपणही खाली आपले नाव आणि चालू साल घालावे.