गल्ल्याला गर्दी, साक्षीला कोण?

दोस्तहो, २९ एप्रिल २०१६ ला ‘सैराट’ लागला. खर्च ४ कोटींच्या आसपास, गल्ला १०० कोटींच्या वर. मराठीत असं आधी कधी झालं नव्हतं. त्याला आता वर्षं लोटली, तरी जातीचा विषय निघाला की कुणीतरी पांढरपेशा हाच आकडा खिशातनं काढतो आणि आपल्या तोंडावर मारतो. ‘बघा, सगळ्या जातींचं पब्लिक आलं. सगळे नाचले, सगळे रडले. कुठं राहिलीय तुमची जात?’ आणि आपल्यातलीही काही पोरं हाच आकडा बिल्ल्यासारखा छातीवर लावून फिरतात. आज मला या दोघांशीही भांडायचंय.

आधी आकडा म्हणजे काय ते बघू. आकडा दिसला की मान खाली घालायची सवय आपल्याला लावलीय. गल्ला म्हणजे खिडकीवर जमलेला पैसा. त्यातनं थेटरवाल्याचा वाटा जातो, वितरकाचा जातो, जाहिरातीचा खर्च जातो. मग जे उरतं ते पैसा लावणाऱ्याचं. २००९ साली मल्टिप्लेक्सवाले आणि हिंदीचे निर्माते यांच्यात जुंपली, नवे पिक्चर अडले आणि शेवटी वाटणी ठरली. पहिल्या आठवड्यात निम्मं निम्मं, मग निर्मात्याकडचा वाटा दर आठवड्याला खाली, चौथ्या आठवड्यात ३० टक्के. हा हिशेब हिंदीचा, पण त्याची नियत ओळखा. ज्याच्याकडं भिंती रंगवायला पैसा आहे त्याला पहिल्याच आठवड्यात गर्दी खेचता येते. ज्याच्याकडं नाही, त्याचा पिक्चर तोंडातोंडी पसरतो. पब्लिकला कळेपर्यंत दुपारचा एक खेळ उरलेला असतो आणि वाटाही घटलेला असतो. म्हणजे गरिबाची गोष्ट सांगणारा पिक्चर पडला तर ‘लोकांना आवडला नाही’ असं कुणी म्हणालं, तर त्याला विचारा: लोकांपर्यंत तो पोचू दिला होता का?

‘सैराट’मागं झी उभी होती. अजय-अतुलची गाणी होती, त्यांचं संगीत सातासमुद्रापार लॉस एंजेलिसला वाद्यवृंद बसवून ध्वनिमुद्रित केलेलं. हे सांगून मी नागराज मंजुळेची मेहनत कमी करत नाही. करमाळा तालुक्यातल्या जेऊरचा वडाराचा पोरगा तो. त्याचाच ‘फँड्री’ १४ फेब्रुवारी २०१४ ला आला होता. तीही प्रेमाचीच गोष्ट. कैकाड्याचा जब्या आणि वरच्या जातीची शालू. त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, समीक्षकांनी डोक्यावर घेतला. पण असा गल्ला झाला नाही. का नाही? ‘फँड्री’त नाचायला जागाच नव्हती. शाळेच्या भिंतीवर बाबासाहेब, फुले, सावित्रीबाई, गाडगेबाबा, आणि त्या भिंतीसमोरून मेलेलं डुक्कर खांद्यावरनं चाललेलं. शेवटी जब्या दगड भिरकावतो आणि तो पडद्यातनं थेट खुर्चीवर येतो. दगड खायला तिकीट कोण काढणार?

मग त्याच माणसानं दुसरी वाट धरली. पाटलाची आर्ची आणि पारध्याचा परशा. आधी गाणी, विहीर, बुलेट, झिंगाट. पब्लिक खुर्चीवर उभं राहून नाचलं. मंजुळेनं त्याला नाचत नाचत कसाईखान्याच्या दारापर्यंत नेलं आणि तिथं सगळं संगीत बंद केलं. रक्ताचे पाय उमटवत चाललेलं लेकरू आणि चिडीचूप थेटर. मी म्हणतो हा त्याचा डाव बरोबर होता. पण त्या शांततेतनं बाहेर पडल्यावर पब्लिकनं काय केलं? वरातीत झिंगाट वाजवलं. गणपतीत वाजवलं. शेवटची पाच मिनिटं थेटरातच ठेवून आलं आणि गाणं तेवढं घरी नेलं.

आमच्या सूतगिरणीत एक गडी आहे. ‘सैराट’ चार वेळा बघितला, चारही वेळा रडलो, असं छाती ठोकून सांगतो. बहिणीचा फोन मात्र रोज रात्री स्वतः तपासतो. त्याला यात काही वावगं वाटत नाही. तिकीट फाडलं म्हणजे जात फाटत नाही, दोस्तहो. गल्ला मुंडकी मोजतो, मुंडक्यात काय आहे ते मोजत नाही.

आता दुसरा हिशेब मांडतो. २८ एप्रिल २०१४. नगर जिल्हा, जामखेड तालुका, खर्डा. आपला सतरा वर्षांचा पोरगा. वरच्या जातीच्या पोरीशी बोलतो एवढ्यावरून त्याला शाळेतनं ओढत नेलं, मारलं आणि झाडाला लटकवलं. ‘सैराट’ लागला तो याच्या बरोबर दोन वर्षं आणि एक दिवसानं. करमाळा आणि जामखेडमध्ये अंतर ते किती! थेटरं भरली, साताऱ्याकडं रहिमतपुरात तर मध्यरात्री आणि पहाटेचेही खेळ लावावे लागले. आणि खर्ड्याच्या खटल्यात? एकामागनं एक साक्षीदार फितूर झाले. नोव्हेंबर २०१७ मध्ये कोर्टानं आरोपींना निर्दोष सोडून दिलं.

परशाच्या खुनाला रडायला गावंच्या गावं आली. खऱ्या पोराच्या खुनाची साक्ष टिकवायला किती आले? थेटरात अंधार असतो, शेजारचा आपल्याला बघत नाही, तिथं रडायला काही लागत नाही. कोर्टातल्या पिंजऱ्यात उभं राहून नाव घेतलं की गावात परत जावं लागतं, त्याच विहिरीवर, त्याच किराणा दुकानात. जात आहे की गेली हे तिथं कळतं. खिडकीवर कळत नाही.

आणि बाजारानं या आकड्याचं काय केलं तेही बघा. २०१८ च्या जुलैत करण जोहरच्या कंपनीचा ‘धडक’ आला. करमाळ्याचं उदयपूर झालं. पारध्याचा पोरगा हॉटेलवाल्याचा झाला. जात उरली ती बोलता बोलता येणाऱ्या एखाद्या वाक्यापुरती. गोष्ट घेतली, गाणी घेतली, झिंगाटसुद्धा घेतलं. ज्या कारणानं दोघांचे गळे कापले ते कारण तेवढं गाळलं. जनावर आपण सोलायचं आणि कातड्याचा भाव दुसऱ्यानं ठरवायचा, हा धंदा जुनाच आहे.

मग काय, ‘सैराट’ला शिव्या घालायच्या? नाही. ‘सगळा बाजार आहे’ म्हणून नाक मुरडणारे आपल्यातले पंडितही मला मान्य नाहीत. ‘तुमचे विषय विकत नाहीत’ असं सांगून आपल्या गोष्टी दारातनं परत पाठवणाऱ्यांचं तोंड त्या १०० कोटींनी बंद केलं. काळीसावळी पोरगी, सोलापूरची बोली, गावाकडची पोरं, याला पब्लिक खिडकी फोडून येतं हे सिद्ध झालं. एवढं त्या आकड्यातनं निघतं. याच्यावर एक पैसाही जास्त निघत नाही.

बाबासाहेबांनी १९३६ साली, लाहोरच्या मंडळानं रद्द केलेल्या त्या भाषणात, आंतरजातीय लग्न हा जात मोडायचा खरा इलाज म्हणून सांगितला. पण तिथं ते थांबले नाहीत. लोक अशी लग्नं का करत नाहीत, तर शास्त्रं त्यांना पवित्र वाटतात म्हणून. आधी ती श्रद्धा उखडा, असं ते म्हणाले. ती श्रद्धा तीन तासांच्या पिक्चरनं उखडत नाही. आणि ती उखडेपर्यंत जी पोरं-पोरी पळून जाणार आहेत, त्यांना आज रात्री झोपायला जागा पाहिजे.

म्हणून काम सांगतो. २७ मार्च २०१८ ला सुप्रीम कोर्टानं शक्ती वाहिनी खटल्यात निकाल दिला. अशा जोडप्यांच्या संरक्षणासाठी जिल्ह्याजिल्ह्यात खास कक्ष पाहिजे, सरकारनं सुरक्षित घरांचा विचार केला पाहिजे. आपल्या जिल्ह्यात तो कक्ष कुठल्या खोलीत आहे? फोन कोण उचलतो? रात्री दोनला उचलतो का? सुरक्षित घरात खाटा किती? माहितीच्या अधिकारात अर्ज टाका, कलेक्टरच्या आणि एस.पी.च्या दारात बसा. खोली नसेल तर मिळेपर्यंत उठू नका. आणि खटला उभा राहिला की तारखेला पन्नास जण कोर्टात जाऊन बसा. साक्षीदाराला कळू द्या की तो एकटा नाही. त्याला जायला गाडी, घरी धान्य, परतताना सोबत, हे आपण बघायचं.

पुढच्या अंकात मला पिक्चरचे आकडे नकोत. कोणत्या जिल्ह्यात कक्ष सापडला, किती अर्ज टाकले, किती तारखांना किती जण हजर होते, हे लिहून पाठवा. तो गल्ला आपण छापू.

जय भीम.