फराळात काय काय आहे, ते सांगा

दिवाळी जवळ आली की जळगावच्या फुले मार्केटपासून धुळ्याच्या आग्रा रोडपर्यंत तयार फराळाचे ढीग लागतात. बचत गटांतल्या भगिनींच्या हाती त्यातून चार पैसे येतात, याचा आम्हाला मनापासून आनंद आहे. तरीही ऐन सणात एक अवघड विषय काढतो आहोत: खाण्यातल्या ॲलर्जीचा.

खानदेशात शेंगदाण्याशिवाय पान हलत नाही. भरिताच्या फोडणीत दाणे, चटणीत कूट, चिवड्यात तळलेले दाणे. पण एखाद्या मुलाला त्याच दाण्याने ओठ सुजतात, अंगावर गांधी उठतात, धाप लागते. वेळेत इंजेक्शन मिळालं नाही तर जीवही जातो. ‘एका घासाने काय होतंय?’ हा आपला प्रेमळ आग्रह अशा घरांना धडकी भरवतो.

अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाच्या 2020 च्या नियमांनुसार बंद पाकिटावर गहू व ग्लुटेन (गव्हातलं प्रथिन) असलेली इतर धान्यं, दूध, अंडी, मासे, कोळंबी-खेकडे, शेंगदाणे, काजू-बदाम, सोयाबीन आणि ठरावीक मात्रेपुढचं सल्फाइट यांचा स्पष्ट उल्लेख सक्तीचा आहे. मात्र तो इंग्रजीत किंवा हिंदीत केला तरी चालतो. मराठीची सक्ती नाही. आणि या यादीत तीळ नाही! 2016 मध्ये नताशा एडनान-लापेरूझ ही पंधरा वर्षांची ब्रिटिश मुलगी सँडविचच्या पावातल्या तिळाने दगावली. वेष्टनावर तिळाचा उल्लेख नव्हता. तिच्या आईवडिलांनी लढा दिला आणि ऑक्टोबर 2021 पासून दुकानातच बांधून ठेवलेल्या पदार्थांवरही सगळे घटक लिहिणं तिथे बंधनकारक झालं. अमेरिकेनेही 2023 पासून तिळाची नोंद सक्तीची केली. संक्रांतीला घरोघर तीळ वाटणाऱ्या आपल्या देशाने ही नोंद टाळू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे.

खरी अडचण सुट्या मालाची. चकलीच्या भाजणीत काही घरी गहू पडतो, वर तीळ असतातच. डबीतल्या हिंगात बहुधा गव्हाचं पीठ किंवा मैदा असतो. ग्लुटेन अजिबात न चालणाऱ्या सिलिॲकच्या रुग्णाला तेवढंही त्रासाला पुरतं. घाण्याच्या शेंगदाणा तेलात दाण्याची प्रथिनं उरू शकतात. गिऱ्हाइकाला यातलं काही नुसतं बघून कळत नाही. सुट्या मिठाईच्या ताटापुढे ‘कधीपर्यंत खावी’ ही तारीख लावणं 1 ऑक्टोबर 2020 पासून बंधनकारक करण्यात आलं होतं. जिथे अशी पाटी आहे, तिथे तिच्यावर घटकांची आणखी एक ओळ लिहायला कितीसा खर्च?

पुढच्या वर्षीपासून या अंकात फराळाची जाहिरात घेताना आम्ही घटकांची यादी मागून घेऊ आणि मराठीत छापू. ताईंनो, यंदाच पुड्यावर साधी चिठ्ठी लावा: ‘यात शेंगदाणे, तीळ, गहू, दूध आहे’. एकाच कढईत सगळं तळलं असेल, तर तेही लिहा. आणि वाचकहो, पाहुण्यांपुढे फराळाचं ताट ठेवण्याआधी, विशेषतः लेकरांना, काय चालत नाही ते विचारा.